नाशिक–पुणे–मुंबई–नाशिक: कॉफीसाठी गाडी काढायची तर

नाशिकला पाहुणे आले की काय दाखवायचं हा प्रश्न पडत नाही. सकाळी मिसळ, मग पंचवटी किंवा त्र्यंबक, संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला एखादी वायनरी. सुलाने 2005 मध्ये टेस्टिंग रूम उघडली आणि तेव्हापासून आपल्याला एक सवय लागली. माल तयार होतो तिथे जायचं, तिकीट काढायचं, कोणीतरी फिरवून दाखवतं, चव घ्यायची आणि दोन बाटल्या घेऊन घरी यायचं.

कॉफीची ट्रिप आखताना नाशिककर नेमका याच सवयीने फसतो. रोस्टरीत, म्हणजे कॉफीच्या बिया भाजतात त्या जागी, बहुतेक वेळा तिकीट नसतं, गाइड नसतो, कित्येकदा बाहेर पाटीसुद्धा नसते. औद्योगिक वसाहतीतला एखादा गाळा, आत एक मशीन, बाजूला तागाच्या गोण्या आणि मशीनसमोर एक माणूस. त्याला तुमच्याशी बोलायला वेळ आहे की नाही हे त्या दिवशी किती माल भाजायचा आहे त्यावर ठरतं.

म्हणून इथला बेत मी रोस्टरच्या, म्हणजे कॉफी भाजणाऱ्याच्या, आठवड्यावरून आखला आहे, रस्ता त्यामागून येतो. तीन दिवस, साधारण 530 किलोमीटर, स्वतःची चारचाकी, दोन ते चार माणसं. कॉफीतलं फारसं कळत नसलं तरी चालेल.

1. आधी ठरवा: कॉफी प्यायची आहे की भाजताना पाहायची आहे

दोन्ही करता येतं, पण दोन्हीला लागणारे दिवस वेगळे. कॅफे शनिवार-रविवारी रात्रीपर्यंत उघडे असतात. रोस्टरीचं काम आठवड्याच्या मधल्या वारी चालतं, आणि छोटे रोस्टर तर आठवड्यातले ठरावीक दोन-तीन दिवसच मशीन पेटवतात. रविवारी गेलात तर थंड मशीन आणि कुलूप बघून परत याल.

आणखी एक गोष्ट. कॅफेत काचेमागे चकचकीत मशीन दिसलं म्हणजे तिथे कॉफी भाजली जातेच असं नाही. काही ठिकाणी ते शोभेचं असतं आणि माल दुसऱ्या गावाहून येतो. ओळखायचं कसं? मशीनला धूर बाहेर काढणारी नळी आहे का, आसपास हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बियांच्या गोण्या आहेत का, पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का, हे बघा. तिन्ही नसेल तर तो कॅफे आहे, एवढंच. कॅफे म्हणून उत्तम असेलही, पण त्यासाठी दोनशे किलोमीटर गाडी हाकायची गरज नाही.

2. पहिला सराव नाशकातच करा

निघायच्या आधीच्या आठवड्यात एक सकाळ कॉलेज रोड, गंगापूर रोड, महात्मानगर या पट्ट्यात घालवा. इथे कॅफे इतके जवळजवळ आहेत की गाडी एकदा लावली की पायी फिरता येतं. (कॉलेज रोडला गाडी लावायला जागा मिळणं हा स्वतंत्र विषय आहे. सकाळी साडेदहाच्या आत जा.)

काम एवढंच: दोन कॅफेंत एकच गोष्ट मागवा. साखर न घातलेली, दूध न घातलेली, गाळून केलेली काळी कॉफी, म्हणजे मेन्यूवर ‘पोअर ओव्हर’ लिहिलेली. एका ठिकाणी ती लिंबासारखी आंबटसर लागेल, दुसऱ्या ठिकाणी कडूसर, कोको-गुळाच्या अंगाने जाणारी. यातलं आपल्याला काय रुचतं ते कळलं की पुढच्या प्रवासात निम्मा गोंधळ कमी होतो. आंबटपणा आवडला तर हलकी भाजलेली अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक) शोधा. नाही आवडला तर मध्यम ते गडद भाजलेली. आणि दुधाचीच कॉफी आवडत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त तसं सांगा. दुधात हलकी भाजलेली कॉफी बहुतेकदा हरवून जाते, त्यामुळे तुम्हाला माल वेगळा लागेल.

जाण्याआधी मिसळ खाऊन जा. तर्री कमी घ्या, पण पोट भरलेलं असू द्या. रिकाम्या पोटी दोन काळ्या कॉफ्या म्हणजे दुपारपर्यंत छातीत जळजळ.

3. फोन करा, आणि नीट करा

ही पायरी लोक गाळतात. इन्स्टाग्रामवर संदेश टाकून उत्तराची वाट बघत बसू नका. तिथे उत्तर देणारा माणूस आणि मशीनवर उभा असणारा माणूस बऱ्याचदा वेगळे असतात. पाकिटावर किंवा वेबसाइटवर दिलेल्या नंबरवर दुपारी तीन-चारच्या सुमारास फोन करा आणि हे विचारा:

– या आठवड्यात कोणत्या वारी, कोणत्या वेळी रोस्टिंग आहे?
– बाहेरच्या लोकांना बघायला येऊ देता का? किती जण चालतील?
– कपिंग ठेवता का? त्याचे पैसे किती, नाव आधी नोंदवावं लागतं का?
– गाळ्याचा नेमका पत्ता काय? (नकाशावर बऱ्याचदा कॅफेचा पत्ता असतो, रोस्टरीचा नाही.)
– गाडी कुठे लावायची?

कपिंग म्हणजे एकाच वेळी पाच-सहा प्रकारच्या कॉफ्या वाट्यांत भिजवून चमच्याने चाखणं. नवख्याने एकदा तरी करावं. एरवी पाच कॅफे फिरून जे कळत नाही ते एका टेबलावर तासाभरात कळतं.

‘नाही’ म्हणाले तर वाद घालू नका. गाळा छोटा असतो, मशीन तापलेलं असतं, अन्नपदार्थाचं काम असतं. ‘बरं, मग कॅफेत येऊन पाकीट घेतो, तिथे कोणाशी बोलता येईल?’ असं विचारलं की बहुतेक जण काहीतरी मार्ग काढतात.

4. वार आणि दिशा

गुरुवारी निघा, शनिवारी रात्री परत या. आणि आधी पुणं, मग मुंबई. उलट नको. कारणं अशी:

शुक्रवारी संध्याकाळी सगळी मुंबई लोणावळ्या-पुण्याकडे निघते. तुम्ही त्या वेळी पुण्याहून मुंबईकडे येत असाल तर घाटातला तो ताण समोरच्या बाजूला असतो, तुमच्या बाजूला नाही. शनिवारी सकाळी मुंबईकर नाशिक-इगतपुरीकडे निघतात. तुम्ही दुपारी निघालात तर ती लाट पुढे गेलेली असते. रविवारी संध्याकाळी हीच लाट नाशकाहून मुंबईला परत जाते, तोवर तुम्ही घरी.

गुरुवारचा आणखी एक फायदा: पिंपरी-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे गावात शिरताना थोडा श्वास घेता येतो. पण याच कारणाने त्या भागातल्या गाळ्यात चालणारी रोस्टरी गुरुवारी बंद असू शकते. म्हणून पुण्यातली रोस्टरी शुक्रवारी सकाळी, गुरुवारी फक्त प्रवास आणि कॅफे.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात घाट देखणे असतात, पण धुक्यात गाडी चालवायची तर तासाचे दीड तास धरा. नवीन पिकाची कॉफी हवी असेल तर मात्र एप्रिल-मेनंतर जा. कर्नाटकात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारीत होते, मग वाळवणं, टरफल काढणं, प्रतवारी, आणि त्यानंतर माल रोस्टरकडे येतो. डिसेंबरात रोस्टरकडे असतो तो मागच्या हंगामाचा माल. वाईट नसतो, पण ‘नवीन पीक आहे का’ असं विचारून हसू करून घेऊ नका.

नाशकात पाहुणे बोलावून हीच ट्रिप करायची असेल तर श्रावणातला तिसरा सोमवार टाळा. ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबक रस्ता त्या दिवशी आपला राहत नाही. आणि 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कुंभाची मुख्य स्नानं आहेत. तेव्हा कॉफीचा विचारही करू नका.

5. गाडीचे कागद आणि टोल

सोबत असायला हवं:

– लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी चालतात, पण पीयूसीची तारीख आज रात्रीच बघून घ्या.
– 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी.
– चालू फास्टॅग, पुरेसे पैसे भरलेला. नसेल तर नाक्यावर जादा टोल जातो.
– हवा भरलेली स्टेपनी आणि जॅक. समृद्धीवर सिमेंटचा रस्ता आणि वेग, दोन्ही टायरची परीक्षा बघतात.

टोलचा सापळा सांगून ठेवतो. 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी गाड्यांसाठी वार्षिक फास्टॅग पास निघाला आहे, 200 फेऱ्यांचा (सुरुवातीला 3,000 रुपयांना). तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, म्हणजे नाशिक–पुणे रस्त्यावर शिंदे, हिवरगाव पावसा या नाक्यांवर. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी हे राज्याच्या रस्ते महामंडळाचे, तिथे तो चालत नाही. पास आहे म्हणून फास्टॅगमध्ये पैसेच न ठेवता निघालेले लोक एक्स्प्रेसवेच्या नाक्यावर हमखास दिसतात. मुंबईत शिरतानाचा टोल मात्र ऑक्टोबर 2024 पासून कारला माफ आहे.

दुचाकीवाल्यांनी हा बेत जसाच्या तसा उचलू नये. एक्स्प्रेसवे आणि समृद्धी, दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. तुम्हाला जुना मुंबई–पुणे रस्ता आणि कसारा घाट.

इंधनाचा अंदाज: गाडी लिटरला 15 देत असेल तर 35-36 लिटर, म्हणजे पावणेचार हजारांच्या आसपास.

6. कॉफीचं सामान

फार नको. एक छोटा हातग्राइंडर, एक एरोप्रेस (हाताने दाबून कॉफी गाळायची नळी) किंवा घरातलाच स्टीलचा फिल्टर, हॉटेलच्या खोलीत चालेल अशी लहान किटली, ग्रॅममध्ये मोजणारा खिशातला काटा. ग्राइंडर नसेल तर राहू द्या, पण मग पाकिटं दळून घ्यायचा मोह आवरा. घरी गेल्यावर ग्राइंडर घ्या किंवा नाशकातल्या कॅफेत दळून मागा. बरेच जण ओळखीने देतात.

याशिवाय वही, मार्कर, कागदी चिकटपट्टी. प्रत्येक पाकिटावर कुठून घेतलं आणि तिथे चव कशी लागली हे दोन शब्दांत लिहा. तिसऱ्या दिवशी सगळी तपकिरी पाकिटं सारखीच दिसतात.

पाण्याच्या बाटल्या, केळी, चिक्की. ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्याने ती विसरू नये. आणि एक थर्माकोलचा किंवा कापडी कूल बॅगसारखा डबा. त्याचं काम परतीच्या दिवशी.

परफ्यूम घरीच ठेवा. कपिंगच्या टेबलाजवळ अत्तर लावून उभा राहिलेला माणूस बाकीच्या सगळ्यांची चव घालवतो.

7. गुरुवार: पुण्याकडे

सकाळी सहाला नाशिक सोडा. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण. 210 किलोमीटर, थांबे धरून पाच तास. बाह्यवळण रस्ते झाल्यापासून गावांतला त्रास बराच कमी झाला आहे, पण चाकण अजून चाकणच आहे. तिथे अकराच्या आधी पोचलात तर बरं.

वाटेत कॉफी पिऊ नका. महामार्गावर ‘कॉफी’ म्हणून मिळते ती दुधात ढवळलेली इन्स्टंट, वर कोको भुरभुरलेली. त्या भागात चहा फक्कड मिळतो, तो घ्या. नारायणगावला नाश्ता करा.

पुण्यात पहिला कप थर्ड वेव्हवाल्यांकडे, म्हणजे हलकी भाजलेली, मळ्याचं नाव सांगणारी कॉफी देणाऱ्या नव्या कॅफेंत, नको, फर्ग्युसन रस्त्यावर घ्या. ‘वैशाली’त बसून फिल्टर कॉफी मागवा आणि तिच्याकडे जरा लक्ष देऊन बघा: गडद भाजलेली, डिकॉक्शनची (फिल्टरमधून उतरलेल्या दाट अर्काची), भरपूर दुधाची. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची ‘चांगली कॉफी’ ही. नवीन रोस्टर जे काही वेगळं करतायत ते या चवीच्या समोर ठेवून प्यायलं तर फरक कळतो. रांग असेलच. दुपारी तीन-चारला कमी असते.

संध्याकाळी कोरेगाव पार्क–कल्याणीनगर किंवा औंध–बाणेर, यांपैकी एकच बाजू निवडा. दोन्ही करायला गेलात तर संध्याकाळ सिग्नलवर जाईल. एकच कॅफे, एकच कप, आणि बारवर उभ्या असलेल्या मुलाला किंवा मुलीला विचारा, ‘तुम्ही स्वतः सुट्टीच्या दिवशी कुठे कॉफी प्यायला जाता?’ या उत्तरासारखी यादी नेटवर मिळत नाही.

8. शुक्रवार सकाळ: रोस्टरीत

दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. मशीन तापायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेव्हाच माणूस बोलायला मोकळा असतो. प्रश्न त्या वेळात विचारून घ्या.

मग हिरव्या बिया ड्रममध्ये पडतात. करड्या-हिरव्या, कडक, वास वाळल्या गवताचा. चार-पाच मिनिटांत त्या पिवळट होतात आणि वास बदलतो, पाव भाजल्यासारखा गोडसर येतो. रोस्टर मधेमधे मशीनच्या तोंडातून एक छोटी दांडी बाहेर ओढतो, तिच्यातल्या दहा-बारा बिया उजेडात धरून बघतो, हुंगतो, परत आत ढकलतो. समोर लॅपटॉपवर तापमानाची रेघ चढत असते. साधारण आठव्या-नवव्या मिनिटाला लाह्या फुटाव्यात तसा बारीक तडतडाट सुरू होतो. हा ‘फर्स्ट क्रॅक’.

हा आवाज आला की गप्प बसा. पुढची दीड-दोन मिनिटं त्या माणसाची आहेत. इथे वीस सेकंद इकडे-तिकडे झाले की अख्खा घाणा वेगळ्याच चवीचा निघतो. फोटो काढा, पण बिनाफ्लॅश आणि बिनाप्रश्न. मग झाकण उघडतं, तपकिरी बिया गार करायच्या ताटात ओतल्या जातात, पाती फिरत राहतात, सालपटं उडतात. आता बोला.

10 किलो बिया टाकल्या की साडेआठ किलोच्या आसपास निघतात. बाकीचं पाणी आणि सालपट. ‘हिरवा माल एवढा स्वस्त आणि पाकीट एवढं महाग का’ असं विचारायच्या आधी हा हिशेब, आणि हाताने निवडून टाकलेल्या फिकट बिया, लक्षात घ्या.

विचारण्यासारखे प्रश्न:

– मळा कोणता, कुठल्या भागातला? चिकमगळूर, कूर्ग, अराकू, की आणखी कुठला? (चिकमगळूर, कूर्ग, अराकू आणि बाबाबुदनगिरीच्या अरेबिकाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.)
– प्रक्रिया कोणती: धुतलेली, फळासकट वाळवलेली, की हनी (साल काढून चिकट गर ठेवून वाळवलेली)?
– वाण कोणता? एस 795, सिलेक्शन 9, कावेरी वगैरे उत्तर आलं तर समजा समोरच्याला माल ठाऊक आहे.
– ही कॉफी मी घरी स्टीलच्या फिल्टरने केली तर कशी लागेल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. काही रोस्टर नाक मुरडतील. जे खुशीने उत्तर देतील त्यांच्याकडून पाकीट घ्या.

आणि हो, पाकीट घ्याच. तासभर वेळ फुकट दिलेला असतो. 250 ग्रॅमला साधारण साडेचारशे ते नऊशे रुपये पडतात. त्यापुढचे, आंबवलेले, रमच्या पिंपात ठेवलेले वगैरे प्रकार पहिल्या ट्रिपला सोडून द्या.

खरेदीतले सापळे, जे कुठेही लागू पडतात: पाकिटावर ‘भाजल्याची तारीख’ बघा, ‘पॅकिंगची तारीख’ नव्हे. ‘100 टक्के अरेबिका’ ही मालाची जात झाली, दर्जा नव्हे. रोबस्टा ही दुसरी, जास्त कडू जात; चांगली रोबस्टाही आता रोस्टर अभिमानाने विकतात. आणि ‘आजच भाजलेली द्या’ असा हट्ट धरू नका. ताज्या बियांतून काही दिवस वायू निघत असतो, म्हणून तर पाकिटाला ते एकतर्फी भोक असतं. भाजून सात-आठ दिवस झालेलं पाकीट घरी जाऊन उघडायला योग्य.

दुपारी दोनच्या आत पुणं सोडा.

9. शनिवार: माटुंगा आणि वांद्रे

रात्रीचा मुक्काम दादर–माटुंगा–शीव भागात घ्या. सकाळी उठून पायी किंग्ज सर्कलला जाता येतं आणि गाडी हलवावी लागत नाही.

‘कॅफे मद्रास’ किंवा ‘रामाश्रय’ला साडेसात-आठला पोचा. इडली, आणि डबरा-पेल्यातली फिल्टर कॉफी. मग त्याच परिसरातल्या जुन्या कॉफीच्या दुकानांत जा. ‘म्हैसूर कन्सर्न्स’सारख्या दुकानात दारापासूनच वास येतो. इथे मेन्यू नसतो, तुम्हाला सांगावं लागतं आणि मागे रांग असते, तेव्हा वाक्य तयार ठेवा: ‘पाव किलो, प्लँटेशन आणि पीबेरी अर्धं-अर्धं, चिकोरी वीस टक्के, फिल्टरसाठी दळून.’ प्लँटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका, पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी भरलेली, आणि चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड. चिकोरी नको असेल तर ‘प्युअर’ म्हणा. बाजारातल्या तयार पाकिटांत नियमाने 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. घरच्या पाकिटाची मागची बाजू वाचली आहेत का कधी?

दहाच्या पुढे वांद्रे–खार. सबको, केसी रोस्टर्स, ब्लू टोकाई ही नावं तुम्ही ऐकली असतील. यांतल्या दोनच जागा करा. शनिवारी गर्दी असते, रोस्टिंग दिसेलच असं नाही, पण पुण्याच्या सकाळनंतर कप हातात आला की तो कसा भाजलाय याचा अंदाज यायला लागलेला असतो. पोअर ओव्हरला 250 ते 400 रुपये लागतील. एकच मागवा आणि जादाचे छोटे पेले मागा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

10. किती प्यायची

हे वेगळं सांगायलाच हवं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन ठीक मानतात, गरोदर बाईला त्याच्या निम्मं. गाळून केलेल्या एका मोठ्या कपात 100 ते 150 मिलिग्रॅम सहज असतं. म्हणजे तीन पूर्ण कप झाले की थांबायची वेळ आली. तिघांत एक कप वाटून घेतला तर दिवसात सहा-सात कॉफ्या चाखता येतात आणि रात्री झोपही लागते. कपिंगमध्ये घोट थुंकायला पेला दिलेला असतो, तो वापरा.

दुपारी चारनंतर चालकाने कॉफी बंद करावी. कॅफिनचा अंमल पाच-सहा तासांनी जेमतेम निम्मा उतरतो. रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशीचा घाट डुलक्यांत जातो. आणि झोप येत असेल तर कॉफी हा इलाज नव्हे. गाडी बाजूला घ्या, वीस मिनिटं डोळे मिटा.

नाशकातल्या दिवसात वायनरी जोडायची असेल तर गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. वाइनवर कॉफी प्यायल्याने माणूस जागा वाटतो, उतरत काही नाही, आणि पोलिसांच्या यंत्राला तुमचा एस्प्रेसो दिसत नाही.

11. परतीचा रस्ता आणि पाकिटं

दुपारी दोनला निघा. ठाणे, भिवंडी, आमणे, आणि तिथून समृद्धी. आमणे ते इगतपुरी हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला आणि कसारा घाटाचा प्रश्नच मिटला; इगतपुरीजवळचा बोगदाच जवळपास आठ किलोमीटरचा आहे. इंधन आणि खाणं-पिणं समृद्धीवर चढायच्या आधी उरका. सपाटीवर वेगाची मर्यादा 120 आहे, घाटाच्या भागात कमी. कॅमेरे आहेत.

पाकिटं डिकीत उघडी टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीच होते, आणि तीन दिवसांच्या बुटांचा वासही कॉफी धरून ठेवते. तो कूल बॅगवाला डबा आत्ता काढा, पाकिटं त्यात घालून मागच्या सीटखाली ठेवा. बर्फ नको, ओल नको.

हा फेरा पचला की पुढचा बेत विदर्भाचा करा. सिन्नरजवळून समृद्धीला लागलात की नागपूर सहाशे किलोमीटरच्या आसपास, तिथे कॉरिडॉर सेव्हन ही रोस्टरी आहे. येताना अमरावती–परतवाडा करून चिखलदऱ्याला चढा. महाराष्ट्रात कॉफीची झाडं बघायची तर जागा तीच, 1,100 मीटरच्या आसपास उंचीवर. डिसेंबरात गेलात तर झाडाला लाल फळं बघायला मिळण्याची शक्यता जास्त. त्याला मात्र पाच दिवस हवेत आणि मेळघाटातले रस्ते अंधारात करू नयेत.

घरी आल्यावर एका वेळी एकच पाकीट फोडा. बाकीची बंदच, गॅसच्या ओट्यापासून लांब, कपाटात. महिनाभरात संपणार नसतील तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तेवढीच पुडी बाहेर काढा. खालच्या फ्रीजमध्ये नको, तिथे भाजीचा वास लागतो. माटुंग्याची दळलेली पूड आधी संपवा, ती दोन आठवड्यांत उतरते.